सलग दोन क्रूझ : मधल्या दिवसाचं गणित

कॅरिबियनमध्ये एकाच जहाजावर लागोपाठ एकेका आठवड्याच्या दोन सफरी घेणाऱ्या कुटुंबांची पत्रं या वेळी इतकी आली, की संपूर्ण सदर त्यांनाच दिलं आहे. सारखे प्रश्न एकत्र करून थोडक्यात मांडले आहेत.

प्रश्न : आम्ही दोघं आणि ११ व ७ वर्षांची दोन मुलं. आधी सात रात्री पूर्व कॅरिबियन, मग त्याच जहाजाने सात रात्री पश्चिम कॅरिबियन असं ठरवतो आहोत. कंपनीने दोन वेगळे बुकिंग क्रमांक दिले. चौदा रात्रींची एकच सफर का धरत नाहीत? आणि केबिन तीच राहील ना?

तुमची सुटी एक असली, तरी जहाजाच्या दप्तरी त्या दोन सफरी आहेत आणि शेवटपर्यंत दोनच राहतात. दोन बुकिंग, दोन ऑनलाइन चेक-इन, खर्चाची दोन खाती. इंटरनेट आणि पेयांची पॅकेजं सफरीगणिक विकली जातात, त्यामुळे पहिल्या आठवड्याचं इंटरनेट सातव्या रात्रीनंतरच्या सकाळी बंद पडतं. बुकिंगबरोबर मिळालेलं ऑनबोर्ड क्रेडिट, म्हणजे जहाजावर खर्चायला दिलेली रक्कम, परत न मिळणाऱ्या प्रकारचं असेल, तर पहिल्या सफरीत उरलेली रक्कम दुसरीत जात नाही, बुडते. ती सहाव्या दिवसापर्यंत वापरून टाका.

केबिन आपोआप तीच राहत नाही. आधी दोन्ही आठवड्यांत मोकळा असलेला एकच केबिन क्रमांक शोधा, मग दोन्ही बुकिंग एकाच बैठकीत करा, आणि दोन्ही पावत्यांवर तोच क्रमांक छापून आला आहे हे डोळ्यांनी बघा. त्यानंतर दोन्ही बुकिंग एकमेकांना जोडून 'सलग प्रवासी' अशी नोंद करायला सांगा. स्वस्त पडतं म्हणून 'गॅरंटी' प्रकारची केबिन घेऊ नका. त्यात क्रमांक कंपनी नंतर स्वतः देते, आणि दोन्ही आठवड्यांना एकच क्रमांक येण्याची आशा धरण्यात अर्थ नाही.

चौघांच्या कुटुंबाला आणखी एक अडचण येते. चार बर्थच्या केबिन मुळात थोड्या असतात. शिवाय जहाजाच्या प्रत्येक भागातल्या लाइफबोटींत किती माणसं मावतात ते ठरलेलं असतं. त्या भागाची संख्या भरली, की केबिन रिकामी असूनही तिसरा आणि चौथा बर्थ मिळत नाही. म्हणून शाळांच्या सुटीत येणारा आठवडा आधी पक्का करा, दुसरा त्याला जुळवा.

चार बर्थची केबिन जमली नाही, तर मधे दार असलेल्या दोन केबिन घ्या. चौदा रात्री राहायचं तर आमचा कौल यालाच आहे: न्हाणीघरं दोन मिळतात आणि मुलं झोपली की मोठ्यांना दिवा लावून बसता येतं. बुकिंगच्या वेळी मात्र कागदावर प्रत्येक केबिनमध्ये एक पालक आणि एक मूल दाखवा, कारण बऱ्याच कंपन्यांना प्रत्येक केबिनमध्ये ठरावीक वयावरचा, अमेरिकी बंदरांतून सहसा २१ वर्षांवरचा, माणूस लागतो. जहाजावर चढल्यावर गेस्ट सर्व्हिसेसकडून, म्हणजे जहाजावरच्या मदत कक्षातून, दोन्ही केबिनची दारं उघडणारी जादा कार्डं करून घेतली, की कोण कुठे झोपतं हा तुमचा प्रश्न. मधल्या दारातून आवाज येतो, तेव्हा अनोळखी शेजार असेल तर अशी केबिन टाळा. स्विमिंग पूलच्या थेट खालची केबिनही नको. पहाटे खुर्च्या ओढून रांगेत लावायला सुरुवात होते आणि तो आवाज छतातून सरळ उशाशी येतो. ज्या मजल्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच आहेत, तो मजला निवडावा.

प्रश्न : पहिली सफर संपते त्या सकाळी आम्हाला सगळं सामान घेऊन उतरावं लागेल का? मुलांना घेऊन त्या गर्दीत काय करायचं?

सामान घेऊन नाही, पण उतरावं बहुधा लागेल. फ्लोरिडातल्या मायामी, फोर्ट लॉडरडेल, पोर्ट कॅनाव्हेरल अशा अमेरिकी बंदरांत नवे प्रवासी चढवण्याआधी जुन्या सफरीच्या प्रवाशांची मोजणी शून्यावर यावी लागते. तुम्ही पुढे जाणार असलात तरी त्या मोजणीत आहात. इतर देशांच्या अनेक बंदरांत असं उतरावं लागत नाही.

तयारी एक-दोन दिवस आधीच सुरू होते. सहाव्या किंवा सातव्या दिवशी केबिनमध्ये एक पत्र येतं. त्यात सकाळी कुठे आणि किती वाजता जमायचं ते लिहिलेलं असतं, बहुधा एखादा लाउंज किंवा मुख्य भोजनगृह. पत्र आलं नाही तर गेस्ट सर्व्हिसेसला जाऊन विचारा, वाट बघत बसू नका. पुढच्या आठवड्याची कार्डं कधी त्या पत्राबरोबर येतात, कधी जमण्याच्या जागी मिळतात. दुसऱ्या सफरीचं ऑनलाइन चेक-इन घरूनच करून ठेवलं असेल, तर इथे काही अडत नाही. आगमनाची वेळ विचारतात तिथे कोणतीही निवडा, ती तुम्हाला लागू नसते.

आता सर्वांत जास्त होणारी चूक. शेवटच्या रात्री कॉरिडॉरमध्ये दारोदार बॅगा उभ्या असतात. त्या बघून किंवा सवयीने तुम्हीही आपली बॅग बाहेर ठेवलीत, तर रात्रीतून ती खाली जाते आणि सकाळी टर्मिनलमध्ये शेकडो बॅगांच्या रांगेत उभी सापडते. केबिन तीच असेल तर बॅग बाहेर काढायचीच नाही. केबिन अटेंडंटला दोन दिवस आधी सांगा की आपण पुढेही इथेच आहोत, नाहीतर तो नव्या पाहुण्यांसाठी खोली रिकामी करायच्या तयारीत असतो.

केबिन बदलत असेल तर सुटं सामान बॅगांत भरा आणि प्रत्येक बॅगेवर नव्या केबिनचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी बांधा. टांगलेले कपडे हँगरसकट जातात, घड्या घालत बसायची गरज नाही. अटेंडंट ते सगळं नव्या खोलीत पोहोचवतो. तिजोरी मात्र स्वतः रिकामी करा. फ्रिजमधलं औषध आणि बाथरूमच्या दारामागे वाळत घातलेले पोहण्याचे कपडे, या दोन गोष्टी हमखास मागे राहतात. नवी खोली दुपारी एक-दीडपर्यंत तयार होते, तोवर लागणारं सगळं एका पाठपिशवीत हवं: औषधं, टोप्या, पोहण्याचे कपडे, पाण्याची बाटली, मुलांना चघळायला काही.

त्या सकाळी जहाज साधारण सहा-सातला धक्क्याला लागतं. उतरणाऱ्यांची घाई साडेनऊ-दहापर्यंत चालते. तुम्ही निवांत नाश्ता करा, फक्त नेहमीपेक्षा लवकर, कारण भोजनगृहं लवकर बंद होतात. ठरलेल्या वेळी पासपोर्ट, जुनं कार्ड आणि नवं कार्ड घेऊन जमा. एक कर्मचारी सगळ्या गटाला एकत्र खाली नेतो, इमिग्रेशन होतं, मग टर्मिनलमध्ये बसवतात आणि जहाज 'शून्य' झाल्याचा निरोप आला की सर्वांत आधी तुम्हालाच वर सोडतात. सगळं सुरळीत असेल तर अर्ध्या-पाऊण तासाचं काम. लांबतं ते बहुधा एका कारणाने: कुणीतरी प्रवासी उतरायचा राहिलेला असतो आणि त्याच्या नावाचा पुकारा चालू असतो. मुलांना टर्मिनलमध्ये जाण्याआधी बाथरूमला नेऊन आणा.

वर आलात की अकरा-साडेअकराच्या सुमारास संपूर्ण जहाज जवळजवळ तुमचंच असतं. पूल मोकळे, बुफेला रांग नाही. घसरगुंड्या बहुधा दुपारपर्यंत बंद असतात, मुलांना हे आधीच सांगून ठेवा. याच वेळात चार कामं उरका: मुलांच्या क्लबची दुसऱ्या आठवड्याची नोंदणी, शोची आरक्षणं, जेवणाच्या टेबलाची खातरजमा आणि मस्टर ड्रिल, म्हणजे आणीबाणीत कुठे जमायचं त्याचा सराव. ड्रिल पुन्हा का, असं अनेकांनी विचारलं आहे. ती सफरीची अट आहे. सांगितलं असेल तिथे आपल्या मस्टर स्टेशनवर जाऊन पुन्हा हजेरी लावायची. केबिन बदलली असेल तर स्टेशनही बदललेलं असू शकतं, म्हणून सात वर्षांच्या मुलालाही तिथवर चालत नेऊन जागा दाखवा.

कागदपत्रांबाबत एवढंच: जहाज परदेशी बंदराला लागून अमेरिकेत परतलं, की तो पुन्हा प्रवेश ठरतो, आणि दोन सफरींत तो दोनदा होतो. व्हिसा लागत असेल तर तो बहुप्रवेशी आहे ना, हे बुकिंगआधी बघा. पासपोर्टची सहा महिन्यांची मुदत दुसऱ्या सफरीच्या शेवटच्या दिवसापासून मोजा. एकच पालक बरोबर असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र जवळ असू द्या.

प्रश्न : दोन्ही आठवड्यांत तेच खाणं, तेच शो आणि एखादं बंदरही तेच. मुलं कंटाळणार नाहीत का?

मेनू सात दिवसांच्या चक्रावर चालतो आणि मोठे शोही पुन्हा तेच होतात, हे खरं आहे. म्हणून पहिल्या आठवड्यात सगळं बघून संपवू नका. शो दोन्ही आठवड्यांत वाटून घ्या. बुकिंग जोडताना दुसऱ्या आठवड्यातही तेच टेबल आणि तेच वाढपी मागा. आठव्या दिवसापर्यंत मुलाला काय चालतं आणि काय नाही ते त्यांना पाठ झालेलं असतं, आणि यादीत नसलेलं काही साधंसं ते स्वयंपाकघरातून करूनही आणतात.

बहामातलं कंपनीचं खासगी बेट बऱ्याचदा दोन्ही सफरींत असतं. दुसऱ्या खेपेला तिथे न उतरता जहाजावरच थांबा, असं आम्ही आग्रहाने सांगू. हजारो लोक किनाऱ्यावर गेलेले असतात आणि मुलांना पूल मोकळा मिळतो. चौदा दिवसांत असा एकही सुस्त दिवस ठेवला नाही, तर दहाव्या-अकराव्या दिवशी धाकटं मूल कारण नसताना रडायला लागतं. ते थकलेलं असतं, एवढंच.

पूर्वेच्या सफरीत सेंट थॉमस, सेंट मार्टेन, सान हुआन अशी बंदरं असतात, पश्चिमेच्या सफरीत कोझुमेल, रोआतान, बेलीझ सिटी, ग्रँड केमन. बेलीझ आणि ग्रँड केमनला जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या टेंडर बोटीने किनारा गाठावा लागतो. तिथे लहान मुलं असतील तर पहिली गर्दी ओसरू द्या आणि परतीला शेवटची टेंडर धरू नका.

प्रश्न : बंदरावर घड्याळाचा घोळ होतो म्हणतात, तो काय?

या प्रश्नाकडे दुर्लक्ष करू नका, यात जहाज चुकू शकतं. कोझुमेल मेक्सिकोच्या ज्या किंताना रू राज्यात आहे, तिथे २०१५पासून वर्षभर एकच वेळ असते. उन्हाळ्यात फ्लोरिडाचं घड्याळ एक तास पुढे सरकतं, कोझुमेलचं सरकत नाही. समजा जहाज फ्लोरिडाच्या वेळेवर चालतं आहे आणि परत यायची वेळ साडेचार. किनाऱ्यावर तुमच्या फोनने स्थानिक वेळ आपोआप पकडली. फोनवर दिसतात साडेतीन, तुम्ही मुलांना आणखी एकदा पाण्यात सोडता, आणि जहाजावर त्या क्षणी साडेचार झालेले असतात. रोआतान आणि बेलीझला हा फरक उन्हाळ्यात दोन तासांचा, हिवाळ्यात एक तासाचा. पूर्वेला उलट: हिवाळ्यात सेंट थॉमस आणि सेंट मार्टेन फ्लोरिडाच्या एक तास पुढे असतात, उन्हाळ्यात दोन्ही घड्याळं जुळतात.

कप्तान कधी जहाजाची वेळ बदलतो, कधी नाही. पहिल्या आठवड्यात जे झालं तेच दुसऱ्या आठवड्यात होईल असं धरू नका. मनगटावर साधं, इंटरनेट नसलेलं घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावा आणि उतरताना गँगवेजवळच्या, म्हणजे जहाजातून उतरण्याच्या वाटेजवळच्या, फलकाशी जुळवून घ्या.

प्रश्न : कपडे किती न्यायचे? आणि सनस्क्रीन?

चौदा दिवसांचे चौदा जोड नकोत. माणशी सहा जोड, संध्याकाळचे दोन, आणि मुलांना पोहण्याचे तीन संच, कारण दमट केबिनमध्ये ओला संच रात्रीत वाळत नाही. सुती कपडा तर दोन दिवस दमट राहून वास मारतो. पातळ सिंथेटिक कपडा टॉवेलमध्ये गुंडाळून पिळा आणि शॉवरमधल्या ओढदोरीवर टाका, सकाळी घालता येतो. केबिनच्या भिंती लोखंडी असतात, त्यांवर चुंबकाचे हूक लागतात. आठ-दहा हूक आणले तर टोप्या आणि पिशव्या जमिनीवर लोळत नाहीत. इस्त्री आणू नका, चढतानाच काढून घेतात.

काही जहाजांवर स्वतः धुण्याची मशीन असतात, काहींवर अजिबात नसतात. बुकिंगआधी विचारा. नसतील तर एका ठरावीक दरात पिशवी भरून कपडे धुऊन देण्याची सवलत सफरीच्या मध्यावर जाहीर होते, तिच्यावर लक्ष ठेवा. कपडे परत यायला एक-दोन दिवस लागतात. म्हणून पिशवी पाचव्या दिवशी द्या, पुढची अकराव्या दिवसाच्या आसपास. सातव्या दिवशी कधीच देऊ नका. केबिन बदलत असेल तर धुतलेले कपडे जुन्या खोलीत जाऊन बसतात.

सनस्क्रीनचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. मोठ्या माणसाच्या सगळ्या अंगाला एका वेळी साधारण ३० मिलिलिटर लागतं, सात-आठ वर्षांच्या मुलाला त्याच्या निम्मं. दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा लावायचं. दोन मोठे आणि दोन मुलं, एका खेपेला ९० मिलिलिटर. किनाऱ्यावरच्या दिवसात तीन खेपा म्हणजे २७०. सहा किनाऱ्यांचे दीड लिटरच्या वर गेले. एवढं वाहून नेण्यापेक्षा सगळ्यांना पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे सदरे घ्या, खर्च जवळपास अर्ध्यावर येतो. कान, मान आणि पावलांचा वरचा भाग तेवढा विसरू नका.

बाटलीवरचे घटक वाचा. यूएस व्हर्जिन बेटांवर, म्हणजे सेंट थॉमसलाही, ऑक्सिबेंझोन, ऑक्टिनॉक्सेट आणि ऑक्टोक्रिलिन असलेल्या सनस्क्रीनवर २०२०पासून बंदी आहे. अरुबानेही २०२०मध्ये ऑक्सिबेंझोनला मनाई केली. प्रवाळाला ही द्रव्यं बाधतात. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं घेतलंत तर कुठेच अडचण नाही. ते पांढरं दिसतं, दिसू द्या. कुठे लावायचं राहिलं तेही त्यानेच कळतं.

प्रश्न : आमचं बाळ सव्वा वर्षाचं आहे. दोन आठवडे झेपतील का?

बहुतेक कंपन्या सहा महिन्यांपासून बाळ घेतात. सलग तीन किंवा अधिक दिवस समुद्रात असणाऱ्या सफरींना ही अट एक वर्षाची होते, आणि जोडलेल्या दोन्ही सफरींना ती वेगवेगळी तपासली जाते.

तुमची खरी अडचण पाण्याची आहे. डायपर, पोहण्याचे खास डायपरही, पूलमध्ये चालत नाहीत. हा आरोग्याचा नियम आहे आणि त्यामागे जुलाब पसरवणारे जंतू आहेत. बाळांसाठी वेगळं पाणी खेळायला असलेलं जहाजच निवडा. मुलांचे क्लब साधारण तीन वर्षांपासून आणि डायपर सुटलेल्यांसाठी असतात. त्याहून लहानांचं पाळणाघर काही जहाजांवर असतं आणि जागा लवकर भरतात.

चौदा दिवसांचे डायपर घरून आणा. जहाजावरच्या दुकानात तुमचं माप मिळेलच असं नाही. बाळाची खाट बुकिंगच्या वेळीच मागून ठेवावी, दोन्ही क्रमांकांवर वेगवेगळी. हे राहून जातं, आणि आठव्या दिवशी अटेंडंट खाट घेऊन जातो.

प्रश्न : पहिल्या आठवड्याच्या शेवटी मूल आजारी पडलं तर? आणि वादळांच्या दिवसांत जावं का?

उलटी-जुलाब असतील तर बहुधा नोरोव्हायरस. जंतू शिरल्यापासून १२ ते ४८ तासांत तो दिसतो. यावर हातावरचं सॅनिटायझर फारसं चालत नाही, साबण आणि वाहतं पाणीच लागतं. बुफेत शिरताना हात धुवायची जागा असते, तिथे मुलांना थांबवाच. मूल आजारी पडलं तर वैद्यकीय कक्षाला कळवा. एक-दोन दिवस केबिनमध्ये काढावे लागतील म्हणून लपवू नका. दुसऱ्या सफरीच्या चेक-इनला प्रकृतीचा प्रश्न पुन्हा विचारतात, आणि कक्षाच्या नोंदीत उपचार झालेले असले तर उत्तर देणं सोपं जातं. तिथलं बिल तुमच्या खात्यावर चढतं आणि विम्याकडून नंतर मागावं लागतं. पावती आणि डॉक्टरांची टिपणी त्याच दिवशी घ्या.

रोज पोहणाऱ्या मुलांना दुसऱ्या आठवड्यात हमखास होतो तो कानाचा त्रास. कानाची पाळ ओढली की दुखते. पाण्यातून आलं की डोकं एकेका बाजूला कलतं करून कान टॉवेलने कोरडे करा, कापसाची काडी आत घालू नका. थेंब हवेत का, हे निघण्याआधी मुलाच्या डॉक्टरांना विचारून घ्या. पडद्याला छिद्र किंवा कानात नळी असेल तर कोणतेही थेंब घालायचे नाहीत. रोजची औषधं चौदा दिवस अधिक चार दिवसांची, हातातल्या पिशवीत.

वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. जहाज वादळात सहसा शिरत नाही, वळसा घेतं. म्हणून धोका बुडण्याचा नाही, मार्ग बदलण्याचा आहे. पूर्वेला वादळ असेल तर पूर्वेची सफर पश्चिमेला वळवतात, आणि मग दोन्ही आठवडे कोझुमेलच. पहिली सफर उशिरा परतली तर दुसरीही उशिरा सुटते. विमा दोन वेगळे काढू नका. घरापासून घरापर्यंत एकच, दोन्ही सफरींची रक्कम धरून, वैद्यकीय स्थलांतरासह. तो वादळाला नाव पडण्याआधी काढायला हवा, नंतर काढलेला त्या वादळाला लागू होत नाही.

प्रश्न : दुसरी सफर तिथेच न संपता वेगळ्या बंदरात संपणारी घेतली तर?

अमेरिकी बंदरांत जपून. १८८६चा पॅसेंजर व्हेसल सर्व्हिसेस अ‍ॅक्ट परदेशी झेंड्याच्या जहाजाला एका अमेरिकी बंदरातून चढलेला प्रवासी दुसऱ्या अमेरिकी बंदरात उतरवू देत नाही. मधे दूरचं परदेशी बंदर लागलं असेल तरच चालतं. सलग सफरी या कायद्यापुढे एकच प्रवास ठरतात. लॉस एंजेलिस ते व्हँकुव्हर ही सफर चालते, व्हँकुव्हर ते होनोलुलू हीसुद्धा चालते, पण एकाच जहाजावर दोन्ही जोडल्या की लॉस एंजेलिस ते होनोलुलू होतं आणि नकार येतो. बहामा, मेक्सिको ही जवळची बंदरं धरतात. अरुबा, बोनेअर, क्युरासाव आणि दक्षिण अमेरिका दूरची. प्वेर्तो रिकोला सवलत आहे, त्यामुळे फ्लोरिडातून निघून सान हुआनला उतरता येतं. निघाल्या बंदरात परतणाऱ्या दोन सफरींना हा प्रश्नच येत नाही. शंका असेल तर दोन्ही बुकिंग क्रमांक एकत्र देऊन कंपनीकडून लेखी होकार घ्या आणि विमानाची तिकिटं त्यानंतरच काढा.